शोध घेतला, लावला नाही

सुमे, तुझ्या पिठावर ग्रह उमटलाय, असं बबन म्हणतो.

बबन म्हणजे आपला चुलतभाऊ, मंगळवेढ्याचा. तू गेलीस त्या खोलीत, तुझ्या कॉटच्या जागी, पीठ पसरून त्यावर पणती ठेवली होती आणि वरून टोपलं झाकलं होतं. सकाळी टोपलं उचलायचं आणि पिठावर कुणाची पावलं उमटलीत ते बघायचं, म्हणजे गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं, ही आपल्याकडची रीत. तू असतीस तर रीत पुरती सांगूनही दिली नसतीस.

दहाव्याला सकाळी सगळे वाकून बसले. मावशी म्हणाली, "मुंगीचं पाऊल हाय." दुसरी कुणीतरी म्हणाली, "मुंगीचं कसलं, पाखराचं हाय." मग बबननं मोबाइलची बॅटरी लावली आणि जवळजवळ ओरडलाच, "ह्ये बघा की! गोल हाय! आन् भवतीनं कडं! ग्रह हाय ह्यो. सुमाक्का तिच्या ग्रहावर गेली!"

मावशी रडायची थांबली. तिनं पदर पुढं घेतला, पिठाला हात जोडले आणि म्हणाली, "व्हय गं बाई. गोलच हाय की."

सुमे, ती पणतीच्या बुडाची खूण होती. आदल्या संध्याकाळी तेल घालताना माझाच हात लागला आणि पणती सरकली. गोल होतं ते पणतीचं बूड, आणि भोवतीचं कडं म्हणजे पिठात जिरलेलं तेल. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आपल्या सगळ्या गोतावळ्यात "कशावरनं?" असं विचारणारं एकच माणूस होतं, आणि सगळे वाकून तुझंच पीठ बघत होते.

कशावरनं. हा तुझा शब्द. बाकीची पोरं "का" विचारतात. पाऊस का पडतो, चिमणी का उडते. तू कधी "का" विचारल्याचं मला आठवत नाही. मी काहीही बोललो की तुझं सुरू व्हायचं, "कशावरनं म्हणतोस?"

आणि मी तर काहीही बोलणाराच माणूस. आपल्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. कुणाच्या लग्नात कुठला व्याही रुसला, कुणाची म्हैस कुणाच्या मांडवात शिरली, सगळं माझ्या तोंडून ऐकायला लोक खुर्च्या ओढून बसतात. धंदाही नशिबानं तसाच मिळाला. लग्नपत्रिका छापतो. ज्या पोराला बाप उभ्या जन्मात "गाढवा" शिवाय हाक मारत नाही, त्याला मी "चिरंजीव" करतो आणि "सुपुत्र" करतो. एकदा मी सांगत होतो की ओढ्याला पूर आला तेव्हा त्यात बैलाएवढा साप वाहून आला. सगळे "आं" करून ऐकत होते. तू ताटातली चटणी बोटानं चाटत विचारलंस, "कशावरनं? बैल शेजारी उभा केला होता?"

सगळे तुझ्या विनोदाला हसले आणि माझा साप गेला. असे तू माझे किती साप मारलेस, सुमे. आता जिवंत सोडशील म्हणून मी सांगायला बसलोय, तर एकही तोंडातून बाहेर येत नाही.

तुला आपली वस्ती आठवते? गावापासून लांब, रानातच पत्र्याच्या दोन खोल्या. भोवतीनं काळी जमीन. एकदा ज्वारी काढली की नजरेला अडवायला काही नाही. दिवेलागण झाली की आई चुलीपुढं भाकरी थापायची आणि आपण दोघं अंगणात. ओढ्यापलीकडं, लांब, एकच दिवा दिसायचा. तिथंही एक वस्ती होती, पण तिथलं कुणी आपण कधी बघितलं नव्हतं.

मी तुला सांगायचो, तिथं एका डोळ्याची म्हातारी राहते आणि उनाड पोरांना पोत्यात घालते.

"कशावरनं?"

"रातचा दिवा कसा विझतोय बघ. पोतं बांधताना विझवते ती."

तू भिंतीला टेकून बसलीस आणि त्या दिव्याकडं बघत राहिलीस. एक दिवस नाही, कितीतरी संध्याकाळी. आई हाक मारायची, भाकरी गार व्हायची. मग एका संध्याकाळी तू मला म्हणालीस, "अण्णा, दिवा विझत न्हाय. मधनं कुणीतरी जातंय. एकजण हळू जातंय, त्याला लई वेळ लागतो. आन् एकजण पटकन जातंय."

"मग काय झालं?"

"दोघं हायत तितं. पोत्याचं मला म्हाईत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तू मला ओढतच घेऊन गेलीस. ज्वारीची धसकटं पायाला टोचत होती आणि मी वाटेत तीनचारदा पोटात दुखतंय असं सांगून बघितलं. ओढा ओलांडून गेलो तर अंगणात खरंच म्हातारी. दोन्ही डोळे शाबूत, गुडघे मात्र धरलेले, म्हणून ती हळू चालायची. आणि तुझ्याएवढी तिची एक नात, सारखी आत-बाहेर पळणारी. म्हातारीनं विचारलं, "कुटली रं पोरं तुमी?"

"वड्याच्या अलीकडच्या वस्तीवरची."

"आगं बाई! ते दिव्यापुढं नाचणारे दोघं तुमीच व्हय? तुमचा दिवा बी आमाला दिसतो की. रोज जेवायच्या येळेला काय गोंधळ घालता रं?"

तिनं आपल्याला भाजलेल्या शेंगा दिल्या. मी दोन्ही खिसे भरून घेतले. तू एकही खाल्ली नाहीस. येताना ओढ्यापर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, बाईचं सगळं बरोबर आलं म्हणून ताठा चढलाय. पाण्यात पाय घातल्यावर तू थांबलीस आणि म्हणालीस, "अण्णा, आपण त्यांना दिसतो."

"मग?"

"आपण त्यांना रोज दिसत होतो, आन् आपल्याला ते म्हाईतच न्हवतं."

तुझं पुढचं सगळं आयुष्य त्या ओढ्यात उभं राहून ठरलं, असं मी सगळ्यांना सांगतो. तू म्हणशील, कशावरनं. नाही माहीत बाई. पण मी तिथं होतो आणि मी तुझं तोंड बघितलं होतं.

मोठेपणी तू ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलंस, अकलूजच्या दाजींशी लग्न केलंस, दाजी इथं सोलापूरच्या दूध डेअरीत लागले, आणि जुळे सोलापुरात तुमचा फ्लॅट झाला. रस्त्याच्या पलीकडं माझा. माझ्या बाल्कनीतून तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी सरळ समोर. संध्याकाळी त्या खिडकीतला उजेड इकडून तिकडं झाकला गेला की मी चपला घालायचो, कारण तू गॅसकडं निघालेली असायचीस. मी दारात उभा राहिलो की तू म्हणायचीस, "आला, फुकट्या." तुझ्या वहिनीला आजही वाटतं की मला चहाचा वास रस्ता ओलांडून येतो.

त्या स्वयंपाकघरात तू मला तुझे ग्रह शिकवलेस. आपल्या सूर्याचे नव्हेत, दुसऱ्या ताऱ्यांचे. मी आपला पत्रिकावाला, मला ग्रह म्हणजे मंगळ आणि साडेसाती. एका मुलीच्या बापानं माझ्या दुकानात मला गंभीरपणे विचारलं होतं, "तुमच्या भगिनी नवे ग्रह शोधतात म्हणे. त्यातला एखादा आमच्या पोरीच्या मंगळावर उतारा म्हणून चालंल का?" मी ते तुला सांगितलं तेव्हा तुला चहाचा ठसका लागला. पण नंतर तू म्हणालीस, "त्यांना सांग, इतक्या लांबून कुणाचं काही वाईट करायचं म्हटलं तर त्या ग्रहाला फार कष्ट पडतील."

तू सांगायचीस की हे ग्रह सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना स्वतःचा उजेड नाही, आणि ताऱ्याच्या झगमगाटापुढं ते कुठले दिसणार. पण ग्रह ताऱ्याच्या पुढून गेला की ताऱ्याचा उजेड इवलासा उणा होतो. कॉम्प्युटरवर त्या उजेडाची रेघ सरळ चाललेली असते आणि मध्येच तिला खळी पडते. खळी हा तुझाच शब्द. खळी किती खोल, त्यावरून ग्रह केवढा. किती दिवसांनी परत पडते, त्यावरून त्याचं वर्ष केवढं. एका दुर्बिणीनं वर आकाशातून टिपलेल्या अशा रेघा सगळ्यांसाठी खुल्या होत्या, आणि कॉलेज सुटल्यावर तू त्या एकेक करून बघत बसायचीस. भाजी निवडावी तशी.

"म्हणजे ओढ्यापलीकडचा दिवा," मी म्हणालो.

"चला, एक तरी गोष्ट लक्षात राहिली तुझ्या."

आपली भांडणं मात्र संपली नाहीत. एकदा मी पेपर घेऊन नाचत आलो. "सुमे, राहण्याजोगा ग्रह सापडला!"

"राहण्याजोगा म्हणजे राहतं नव्हे अण्णा. आमच्या खालचा फ्लॅट बघ. पाणी आहे, वीज आहे, भाड्याने देण्याचा बोर्ड लागून वर्ष झालं. कोण राहतं?"

"कबुतरं."

"बघ. तिथं तेवढंही माहीत नाही."

मग तू मला हवेचं सांगितलंस. ताऱ्याचा उजेड त्या ग्रहाच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो आणि त्यावरून तिथं कुठले वायू आहेत ते ओळखता येतं. जिना चढताना कुणाच्या घरात फोडणी पडली ते वासावरून कळतं, तसं. मी लगेच म्हणालो, "झालं तर! वास आला म्हणजे स्वयंपाक चालू."

"कशावरनं? कुणी नुसतं तेल तापवत ठेवलं असेल. काही वायू नुसत्या दगडातूनसुद्धा निघतात. वास आला की आधी दुसरं काय काय असू शकेल ते सगळं बघायचं. ते सगळं नाही असं ठरलं, तर मग स्वयंपाक."

"तोवर जेवणारा उपाशी मरेल की."

"मरू दे. पण खोटं जेवण वाढणार नाही मी."

मला तुझा राग यायचा, सुमे. एवढं मोठं आकाश, त्यात कुणीतरी असणारच, हे मला पानवाला सांगतो, रिक्षावाला सांगतो, आणि ज्या बाईनं त्यात डोळे फोडून घेतले ती मात्र म्हणणार, माहीत नाही. मी वैतागून म्हणायचो, "अगं, तुला वाटतं तरी का?" तू कप विसळायला उठायचीस. वाटण्याचं खातं तू माझ्याकडे ठेवलं होतंस.

मग ती संध्याकाळ आली. मी दारात पोचलो तर "फुकट्या" नाही, काही नाही. तू मला हाताला धरून कॉम्प्युटरपुढं बसवलंस. तुझा हात गार होता. रेघेला एक खळी होती. तू रेघ पुढं सरकवत नेलीस आणि पुढं दुसरी होती, अगदी तशीच.

"ग्रह?" मी विचारलं.

"माहीत नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तरी अशी खळी पडते. कधी यंत्रातच खोट असते. एकदा झालं तर ते काहीही असू शकतं. दोनदा झालं म्हणजे मधलं अंतर कळलं. त्याच अंतरानं तिसऱ्यांदा झालं, की मग तोंड उघडायचं. तोवर कुणाला बोलू नकोस."

मी जिना उतरेपर्यंत बबनला फोन लावला होता. तू मला ओळखून होतीस, तरी सांगितलंस. बहिणीनं भावावर एवढाही विश्वास ठेवू नये.

पुढचं तुला माहीतच आहे. आपल्या गावच्या शाळेनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि सूत्रसंचालकानं आवाज चढवून सांगितलं, "नव्या ग्रहाचा शोध लावणाऱ्या, आपल्या मातीच्या लेकी!" टाळ्या पडल्या. तू माइकपाशी गेलीस आणि म्हणालीस, "शोध लावला नाही. शोध घेते आहे." आणि खाली बसलीस. एवढंच भाषण. मांडवात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. फक्त बबन टाळ्या वाजवत राहिला, कारण त्याला दोन्ही एकच वाटलं.

परतीच्या वाटेवर गाडीत तू मला म्हणालीस, "एक क्रियापद धड कळत नाही, आणि पत्रिका छापतोस." दाजी पुढच्या सीटवर बसले होते. ते मान न वळवता हसले. दाजींचं हसणं असं पाठमोरंच बघायला मिळायचं.

तिसरी खळी पडायची वेळ आली तेव्हा ती दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्या तुकड्याकडं वळलेली होती. ती एकेक तुकडा बघत पुढं सरकते म्हणे. "परत वळेल की हिवाळ्यात," तू म्हणालीस, "तारा कुठं पळून चाललाय." तारा पळाला नाही. मधल्या काळात डॉक्टरांना तुझ्यात जे दिसलं, ते बघायला मात्र कुणाला तिसऱ्यांदा थांबावं लागलं नाही.

दवाखान्यातली एक दुपार मला सोडत नाही. दाजी औषधं आणायला खाली गेले होते. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं, झोपलीस. तू डोळे न उघडताच म्हणालीस, "अण्णा, तिथं कोण राहतं?"

"कुठं?"

"माझ्या त्या ताऱ्यापाशी. सांग की. तुला येतं ना सांगायला. आज मी कशावरनं म्हणणार नाही."

सुमे, उभ्या आयुष्यात तू मला पहिल्यांदा गोष्ट मागितलीस. मावशीला, बबनला, लग्नात भेटलेल्या अनोळखी माणसांना मी पायलीनं गोष्टी वाटल्या. तुला एक द्यायची होती, तर माझ्या तोंडून एकही निघाली नाही. तू वाट बघत होतीस. मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

तू म्हणालीस, "दे."

आणि मी पाणी दिलं.

आता चौकातल्या फ्लेक्सचं सांगतो. पत्रिकांवर आता पोट भरत नाही, मी फ्लेक्सचं मशीन घेतलंय, हे तुला माहीत आहे. दहाव्याला पिठाचं ते सगळं झाल्यावर बबन माझ्याकडं दुकानातच आला. तेराव्याच्या आत चौकात तुझा बोर्ड लागला पाहिजे, असं त्यानं ठरवलं होतं. मोबाइलवर सगळं तयार करून आणलं होतं. तुझा सत्कारातला फोटो, मागं शनी आणि त्याचं कडं, आणि खाली मोठ्या अक्षरात: "नव्या ग्रहाचा शोध लावणाऱ्या सौ. सुमन यांना भावपूर्ण श्रद्धांजली."

"शनी कशाला घातलास?" मी विचारलं.

"कड्याशिवाय ग्रह हाय हे कळणार कसं लोकांना? आन् पिठावर बी कडं हुतं की."

"बबन, तो शोध अजून लागलेला नाही."

"अण्णा, आक्का गेली. आता कोण इचारणार हाय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलत नव्हता, सुमे. तुला काहीतरी मिळावं, रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. मलाही तेच हवं होतं. मी म्हणालो, उद्या छापू.

संध्याकाळी दाजींचा डबा घेऊन तुमच्याकडं गेलो. रोज एक वेळचा डबा तुझी वहिनी देते, अर्धा परत येतो. तू गेलीस त्या दिवसापासून दाजी हॉलमधल्या खुर्चीतून गरजेपुरतेच उठतात. स्वयंपाकघरात तर पाऊलच टाकलं नाही त्यांनी. तिथला दिवा त्या दिवशी लागलेला, तो ते कुणाला बंद करू देत नाहीत. तुम्हाला मूलबाळ नाही. आलेली माणसं किती दिवस पुरणार? मला भीती वाटायची की हा माणूस असाच बसल्या जागी संपेल.

मी डबा ठेवला. दाजी म्हणाले, "अण्णा, एक इचारू? गोष्ट नको. खरं सांगा."

"विचारा की."

"तिला तो ग्रह घावला हुता का?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर. मी आजवर एवढ्या थापा मारल्यात, ही एक पुण्याची झाली असती. समोर तो माणूस, गुडघ्यावर हात, आणि आत स्वयंपाकघरात रिकामा उजेड. बबनचा फ्लेक्स मोबाइलमध्ये होताच, दाखवला असता तरी काम झालं असतं. आणि शेवटी तूही तर म्हणाली होतीस, आज कशावरनं म्हणणार नाही. मग आता कुणासाठी खरं जपायचं?

पण ती सूट तू तुझ्यापुरती दिली होतीस. दाजींच्या वतीनं नाही.

"माहीत नाही, दाजी," मी म्हणालो. "दोनदा खळी पडली, एवढं खरं. तिसरी बघायची राहिली."

मला वाटलं, मी एका माणसाच्या हातातली काठी काढून घेतली. मग दाजी म्हणाले, "मी तिला बी इचारलं हुतं. ती बी हेच म्हनली. मला वाटलं, मला समजणार न्हाय म्हणून सांगत न्हाय."

"नाही दाजी. खरंच माहीत नव्हतं तिला."

"तुमी व्हय म्हनला असता ना, तर आजपासनं मी तुमचं काय बी खरं धरलं नसतं."

"आजवर तरी कुठं धरत होता?"

ते हसले. पहिल्यांदा समोरून हसताना बघितलं त्यांना, आणि बघवलं नाही. मग रुमालानं तोंड पुसून विचारलं, "परत कवा वळणार ती दुर्बीण?"

"हिवाळ्यात, असं ती म्हणायची."

"आन् बघणार कोण?"

दाजी आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "डेअरीत दुधातलं फॅट बघायला बी मला कुणी शिकवलं न्हवतं. बघत बघतच आलं." मी डब्याचं झाकण उघडून ठेवलं आणि निघालो.

फ्लेक्स मी छापला, सुमे. शनी काढून टाकला. बबन रुसला, तीन वेळा म्हणाला की बोर्ड अगदी मोकळा मोकळा दिसतो. आणि एक क्रियापद बदललं. आता तिथं लिहिलंय, "ग्रहाचा शोध घेणाऱ्या." येणारे जाणारे वाचतात, कुणाच्या काही लक्षात येत नाही. पण तू चौकातून गेली असतीस तर स्कूटी थांबवली असतीस आणि मान हलवली असतीस, कुणाला न दिसेल अशी.

तुझी मागितलेली गोष्ट राहिली ती राहिलीच. आता सांगतो. बसून ऐक, मध्ये बोलू नकोस, तू कबूल केलं होतंस.

तिथं, तुझ्या त्या ताऱ्यापाशी, एक वस्ती आहे. दिवेलागण झाली आहे. आई चुलीपुढं बसली आहे. अंगणात दोन पोरं आहेत. थोरला थापाड्या आहे, तो धाकटीला सांगतोय की त्या पलीकडच्या बारक्या ताऱ्यापाशी एका डोळ्याची म्हातारी राहते. धाकटी ऐकत नाही. ती भिंतीला टेकून त्याच ताऱ्याकडं, म्हणजे तुझ्यामाझ्या सूर्याकडं, बघत बसली आहे. कितीतरी वेळ. मग ती म्हणते, दादा, तो दिवा विझत नाही. मधनं कुणीतरी जातंय.

ते जाणारं म्हणजे आपण, सुमे. ही सगळी पृथ्वी, मंगळवेढ्याची काळी रानं, तो ओढा, तुझी खिडकी. तूच सांगितलं होतंस, काही ताऱ्यांवरून बघणाऱ्याला आपली पृथ्वी सूर्यापुढून जाताना दिसू शकेल. आपण कुणाला तरी दिसत असू आणि आपल्याला ते माहीतच नसेल. गोष्ट एवढीच आहे. दवाखान्यात मला ही येत होती. तोंडातून बाहेर येत नव्हती.

आज तेराव्याचं जेवण झालं. माणसं गेली, बबन उरलेल्या बुंदीचा डबा मोटरसायकलच्या मागं बांधून गेला. मी संध्याकाळी बाल्कनीत येऊन बसलो. समोर तुझी खिडकी. उजेड सरळ, सपाट, जसा इतके दिवस आहे तसा. तू शिकवलेल्या रेघेसारखा, कुठंही खळी नाही. पूर्वी मला वाटायचं, दिवा लागला म्हणजे घरात कुणीतरी आहे. आता कळलं की दिव्यावरून काहीच कळत नाही. मध्ये कुणी यावं लागतं.

बघता बघता उजेड उणा झाला.

हळू. गुडघे धरलेलं माणूस जावं तसा. मग परत सरळ. मी कठडा धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं उलट्या बाजूनं परत तसंच. चहाचं पातेलं शोधत असतील का? तू ते कुठं ठेवायचीस हे त्यांना कुठं माहीत असणार. तोंडाशी आलं होतं, आत ओरडून तुझ्या वहिनीला सांगावं, दाजी उठले, दाजी स्वयंपाकघरात गेले. चपलाही पायात घातल्या होत्या. मग तुझा आवाज ऐकू आला. वारा असेल, पडदा हलला असेल, समोरच्या रस्त्यावरून गाडी गेली असेल. आधी ते सगळं बघ.

बघतोय. चपला घातलेल्याच आहेत, पण इथंच उभा आहे. कुणालाही फोन केलेला नाही.

दोनदा झालंय, सुमे. तिसऱ्यांदा झालं की सांगतो.